घरचा चष्मा

— नाही नाही, उभ्या का राहता, बसा की त्या स्टुलावर. एक पाय हलतो त्याचा, पण अजून कुणाला पाडलेलं नाही. तुम्ही दवाखान्यात नवीन दिसता. एरवी ते तुमचे मुके काका यायचे कामं घेऊन — म्हणजे मुके नाहीत हो, मीच म्हणतो त्यांना तसं, कारण ते येतात, डबा ठेवतात आणि जातात, आणि मी इथे दिवसभर काचा घासत एकटा, मला बोलायला कुणी नको का? तुम्ही बसा. काम पाच मिनिटांचं आहे. तुमच्या डॉक्टरीणबाई समोर रस्त्यापलीकडे डोळे तपासतात, काच आणि फ्रेम माझ्याकडे पाठवतात, मी काच घासून, कापून फ्रेमीत बसवतो — अर्ध्या गावाचे चष्मे या टेबलावरून गेलेत, पण गाव मला ओळखत नाही. दवाखान्याचं नाव होतं, आमचे हात काळे होतात. चालायचंच. आणा इकडे. अच्छा, काडी निघालीय. आणि स्क्रू? — वा, चिकटपट्टीत गुंडाळून दिलाय. ताई, सांगू का, इतकी वर्षं झाली, स्क्रू जपून आणणारं गिऱ्हाईक मी बघितलेलं नाही. लोक काडी खिशात, काच हातात, आणि स्क्रू? स्क्रू गेला म्हणतात, जसं काही तो पायानं चालत गेला. आणि आटेसुद्धा शाबूत आहेत याचे. हा तुटून नाही निघालेला. कुणीतरी बारीक पेचकसानं नीट फिरवून काढलाय. असेल, मुलं असतात घरात, उद्योग करतात.

ही फ्रेम बघा, तपकिरी. आमच्या हिचीपण अगदी हीच. माझ्या बायकोची हो. बाजारात ही फ्रेम इतकी खपली की बसथांब्यावर उभं राहिलं तर चारपैकी एकीच्या नाकावर हीच असते. आमच्या हिच्या डोळ्यांचं मात्र काही खरं नाही. नंबर आधीपासूनच मोठा, चष्म्याशिवाय हाताच्या अंतरापलीकडे नुसतं धुकं, पण चष्मा लावला की स्वच्छ दिसायचं. आता चष्मा लावूनही दिसत नाही धड. पडदा कमजोर झालाय आतला. — नाही, तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे नाही आणलं कधी. काय गरज? मी आहे ना घरात. तपासतो मीच, काच घासतो मीच. घरचा चष्मा. हा काय, आजच नवीन तयार केलाय तिचा, तो बघा त्या मऊ फडक्यावर ठेवलाय. आज जेवायच्या आधी तिच्या डोळ्यावर चढवणार आणि जुना टाकून देणार, सकाळीच सांगून आलोय तिला, आज जुना माझ्याकडे द्यायचा म्हणून. ती बरं म्हणाली. ती कशालाही बरंच म्हणते हल्ली.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी पुलांचे नकाशे काढायची ही, मोठ्या कचेरीत. केसाएवढी रेघ मारायची, आणि ती रेघ जिथे थांबायला हवी तिथेच थांबायची, आणि वरचा साहेबसुद्धा तिला विचारून सही करायचा. डोळे गेले आणि सगळं सुटलं. आता परवा त्याच कचेरीतून पुन्हा फोन — बंदराच्या गावी त्यांची शाखा आहे, माणूस मिळत नाहीये, या, नुसत्या देखरेखीला तरी या. मी शेजारीच बसलो होतो. माझा जीव टांगणीला. ती म्हणाली, नाही हो, मला कुठं दिसतंय आता. आणि फोन ठेवला. मला इतकं हलकं वाटलं, काय सांगू — म्हणजे वाईट वाटलं. तिच्यासाठी वाईट वाटलं, असं म्हणायचंय मला.

नाही, करतो मी तिचं सगळं. हौसेनं करतो. जिना उतरताना हात धरतो. ताटात काय कुठं वाढलंय ते सांगतो. टपाल वाचून दाखवतो. शेजारणी म्हणतात, नवरा असावा तर असा. माझी मेहुणी, हिची धाकटी बहीण, ती तेवढी नाक मुरडते. मागं आली तेव्हा म्हणाली, भावजी, तुम्ही ताईला काचेच्या कपाटात ठेवलंय. मी म्हटलं, काचेचं काम करतो बाई, दुसऱ्या कशात ठेवणार? सगळे हसले. ही नाही हसली. — हो हो, करतोय, बोलता बोलता हात चालूच आहेत माझे. आधी नंबर बघून घेतो. गरज नाही, मान्य, काडीच लावायचीय. पण सवय आहे. टेबलावर आलेली काच यंत्राखाली घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. असा चष्मा ठेवायचा, इथे डोळा लावायचा, हे चाक फिरवायचं — रेघा स्पष्ट झाल्या की खाली नंबर —

थांबा जरा.

नाही, काही नाही. दिवा नीट नाही बहुतेक. परत बघतो. — डावी बघतो. — हं.

ताई, हा चष्मा कुणाचा? — नाव नाही सांगत तुम्ही, बरोबर आहे, दवाखान्याचा नियमच आहे तो, आम्हाला नावं कळत नाहीत, नुसता डबा येतो, आत फ्रेम आणि नंबर. मी काही नाव विचारत नाहीये. बाई आहे की पुरुष, एवढंच. — बाई. असणारच, फ्रेम बायकांची आहे. काय वेड्यासारखं विचारतोय मी. पाणी घ्या तुम्ही, त्या तांब्यात आहे. मीच घेतो थोडं.

कसं असतं, नंबर एकच असणारी माणसं खूप असतात. दहा बायका सापडतील. वाकडा नंबर, म्हणजे रेघ तिरकी दिसते त्याचा, आणि त्याचा कोनही जुळणं जरा अवघड, पण तेही जुळतं कधी कधी. पण काच फ्रेमीत बसवताना डोळ्याचं बुबुळ नेमकं कुठे येतं ते मोजावं लागतं, नाकाच्या मधोमधून उजवीकडे किती, डावीकडे किती. बहुतेकांचं दोन्हीकडे सारखं असतं. आमच्या हिचं नाही. लहानपणी झोपाळ्यावरून पडली होती, नाक एका अंगाला कललं, ते तसंच राहिलं. बघून कळत नाही कुणाला. मला कळलं. ती गिऱ्हाईक म्हणून आली होती माझ्या पहिल्या मालकाच्या दुकानात, मी तेव्हा शिकत होतो, पट्टी धरली तिच्या नाकासमोर आणि म्हटलं, बाई, तुमचा एक डोळा नाकाला जवळचा आणि एक लांबचा आहे. ती म्हणाली, मग लांबच्या डोळ्यानं मी तुमच्याकडे बघते. असं बोलायची हो ती. मी पट्टी खाली ठेवायचीच विसरलो. लग्न असंच ठरलं आमचं, असं म्हटलं तरी चालेल.

तर ते माप. ते माप मी झोपेतसुद्धा सांगेन. आणि ते याच्यावर आहे.

— नाही, चूक नाही. दोनदा बघितलंय. आणि ही काच मीच घासलीय, ताई. माझा हात मला कळतो, काचेची कड मी आतून जरा बोथट करतो, गालाला टोचू नये म्हणून, दुसरं कुणी नाही करत. गेल्या थंडीत तुमच्या मुक्या काकांनी डबा ठेवला होता, हीच तपकिरी फ्रेम, हेच माप. आणि मला आठवतंय, मी हसलो होतो. म्हटलं, हे बघ, कुणाचं तरी नाक आपल्या हिच्यासारखं. घरी जाऊन जेवताना सांगितलंसुद्धा तिला — अगं, आज एक काम आलं, तुझ्यासारखंच वाकड्या नाकाचं, फ्रेमही तुझीच, गंमत बघ. ती म्हणाली, हो का. आणि भात कालवत राहिली. म्हणाली, मग नीट घासलीत ना काच? मी म्हटलं, आपलं काम म्हणजे काय. म्हणाली, बिचारीला दिसायला लागेल आता. ताई, हे माझ्या समोर बसून. आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. का कळलं नाही? कारण माझ्या डोक्यात पक्कं होतं की ही माझ्याशिवाय रस्ता ओलांडू शकत नाही. ती दवाखान्यात जाईल कशी? मी नेल्याशिवाय जाईल कशी?

केस कसे आहेत त्यांचे? कानाशी पांढरी बट? — आहे.

आत्ता कुठे आहे ती? समोरच? — बाकावर बसलीय. बरं. सोबत कोण आहे? — कुणी नाही. सामान? — मोठी बॅग. मोठी म्हणजे निळी, चाकाची? — मला माहीत आहे ती बॅग. ती आमच्या कपाटाच्या वर असते. मीच ठेवली होती वर, तिचा हात पोचू नये — म्हणजे पडू नये तिच्या अंगावर म्हणून.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला काय वाटतंय ते मला कळतंय. पण तसं नाहीये ते. मी काही खलनायक नाही हो. सुरुवात चुकीनं झाली. खरीखुरी चूक, कुठल्याही कारागिराकडून होते तशी. तिचा नवा चष्मा करत होतो, दवाखान्यांची कामं डोक्यावर होती, घरचं काम सगळ्यात शेवटी, घाईत केलं, आणि डाव्या काचेचा कोन फिरला. थोडासाच. एवढ्यानंही माणसाला जमीन तिरकी दिसते, डोकं दुखतं, एका रेघेच्या दोन दिसतात. आणि हिचं तर कामच रेघांचं. ती म्हणायला लागली, अहो, मला दुहेरी दिसतंय. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली तेव्हा तिचा चष्मा घेऊन बघितला, आणि कळलं, अरे, आपलीच चूक. अर्ध्या तासाचं काम होतं दुरुस्तीचं. अर्ध्या तासाचं. संध्याकाळी सांगायचं ठरवलं. आणि संध्याकाळी ती आली ती बातमी घेऊनच. बंदराच्या गावी कचेरीची नवीन शाखा, आणि तिथली मुख्य कोण? ही. पगार, राहायला घर, हाताखाली माणसं. माझं काम इथलं, हे यंत्र, ही भिंत, मी कुठे जाणार? आणि बोलता बोलता ती थांबली, चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाली, पण माझ्या डोळ्यांना काय झालंय हो? या डोळ्यांनी मी कशी जाऊ? आणि माझ्याकडे बघितलं. शब्द ओठांवर होते माझ्या. अगं, डोळ्यांना काही नाही, माझा हात चुकला. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, बघू या. तपासू या.

बस, एवढंच केलं मी. बघू या म्हटलं.

— नाही. खरं आहे तुमचं. एवढंच नाही केलं. मग तपासायला बसवलं तिला, तपासणीची ती जड फ्रेम नाकावर, काच बदलत बदलत विचारायचं, हे बरं की हे बरं? ती खरं सांगायची. अगदी मन लावून, शाळेतल्या मुलीसारखी. हे बरं, म्हणायची. आणि मी घासायचो दुसरंच. थोडं कमी. पुढच्या वेळी आणखी थोडं कमी. म्हटलं, तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी, पडदा कमजोर आहे, उपाय नाही. तुमच्या बाईंना मी कधीच काही विचारलेलं नाही. त्या मला ओळखतसुद्धा नाहीत. तिनं नोकरी सोडली त्या दिवशी रंगीत पेन्सिलींचा डबा बहिणीच्या मुलीला देऊन टाकला, आणि मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे. कसं बोललो असेन हो मी ते? ज्या तोंडानं बोललो ते तोंड घेऊनच रोज दाढी करतो मी.

आणि घरात. घरातलं सांगू का? नको सांगायला. पण तुम्ही तरी काय, कोण कुठल्या, उद्या मुके काका परत येतील आणि तुम्ही मला कधी दिसणार नाही. मी वस्तू हलवायचो. कात्री इथली तिथे ठेवायची, मिठाचा डबा मागच्या फळीवर सरकवायचा. ती शोधायची, मग हाक मारायची — अहो, बघता का जरा? ती हाक ऐकायला बरी वाटायची मला. कुणाला आपली गरज आहे, हे वाईट आहे का? मुद्दाम नव्हतो करत हो. म्हणजे — बरं, मुद्दाम. मुद्दामच करत होतो. ती समोर उभी असताना, डोळ्यांदेखत, मी हळूच डबा उचलून मागे ठेवायचो. तिला कुठे दिसतंय, असं धरून चालायचो ना मी.

आणि तिला दिसत होतं.

थंडीपासून. या चष्म्यातून. अख्खा उन्हाळा, अख्खा पावसाळा. माझ्या हातानं घासलेल्या, कड बोथट केलेल्या काचेतून ती बघत होती मी मिठाचा डबा सरकवतोय ते. आणि तरी हाक मारत होती, अहो, बघता का जरा. आता सगळं उलगडतंय. थंडीपासून ती चष्मा माझ्या हातात देत नव्हती, पुसायलासुद्धा. झोपताना उशीखाली ठेवायची. मी म्हणायचो, बिचारी, काठी धरावी तसा धरून असते. एकदा म्हणाली, शर्टाचं बटण तुटलंय तुमचं. मी चपापलो. म्हणाली, हाताला लागलं. हात तर लावलाच नव्हता तिनं. मी कानामागे टाकलं. सुई ओवलेली दिसली एकदा, म्हणाली, शेजारणीनं ओवून दिली. शेजारीण तर गावाला गेलेली. तेही कानामागे टाकलं. मी तिच्यासमोर कसा वागायचो माहीत आहे? जसा माणूस बंद खोलीत एकटा वागतो तसा. नाकात बोट घालायचो. टपाल वाचून दाखवताना नको त्या ओळीच्या ओळी गाळायचो आणि कागद घडी करून खिशात घालायचो. तिची आवडती वाटी फुटली तेव्हा तुकडे पायानं तिच्या बाजूला ढकलले होते मी. तिला वाटावं तिच्याच हातून फुटली म्हणून. तिनं खाली बघितलं होतं. माझ्या पायाकडे.

लाजेनं मरायला होतंय, ताई. मारलं असतं तिनं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. बघत राहिली.

आणि याच्यापेक्षाही — नको. — सांगतो. हे कुणालाच सांगितलेलं नाही. जेवताना समोरासमोर बसतो आम्ही. मला रोज खायला उठायचं ते, काही दगड नाही मी. तर मी तिच्यासमोर हात जोडायचो. असे. आवाज न करता. आणि ओठ हलवायचो, चुकलो, चुकलो, माफ कर. रोज. तिला दिसत नाही म्हणूनच तर जमायचं. माफी मागितल्याचं समाधान पण मिळायचं आणि कळायचंही नाही कुणाला. केवढी सोय. आणि ती काय करायची? ती घास हातात धरून थांबायची. तसाच हात मध्येच धरून. मला वाटायचं, ताट चाचपडतेय. मी हात सोडायचो आणि मोठ्यानं म्हणायचो, अगं, भाजी उजवीकडे आहे. मग ती जेवायला लागायची.

ती वाट बघत होती हो. कशाची? आवाजाची. मी हात जोडलेले तिला दिसत होते, ओठ दिसत होते, फक्त आवाज तेवढा काढायचा होता मी. रोज समोर बसून वाट बघितली तिनं आणि मी रोज तिला भाजी कुठे आहे ते सांगितलं.

तुम्ही घड्याळ का बघताय? — बस आहे तिची? कितीची? — अच्छा. म्हणजे आहे अजून वेळ. बंदराच्या गावाची असणार. म्हणजे परवा फोनवर ती नाही म्हणाली ते मला ऐकवण्यासाठी होतं. दुसरा फोन तिनं नंतर केला असेल, मी इकडे कामाला आल्यावर. आणि आज मी सांगून आलो, जुना चष्मा परत दे. आज दिला असता तर यंत्राखाली घातलाच असता मी, आणि मला कळलं असतं. किंवा मी हा नवा चढवला असता तिच्या डोळ्यावर आणि हिला परत धुक्यात ढकललं असतं. म्हणून आज. साधा हिशेब आहे तिचा, सरळ रेघेसारखा.

— ताई, एक सांगतो. हा स्क्रू काही बसत नाहीये. आटे गेलेत. हो, मघाशी म्हटलं शाबूत आहेत, पण आता नीट बघितल्यावर कळतंय ना. नवीन मागवावा लागेल. तुम्ही असं करा, चष्मा राहू द्या इथे, आणि त्यांना सांगा, उद्या या. उद्या सकाळी देतो. चष्म्याशिवाय बाई प्रवास कशी करणार, पायरी दिसणार नाही तिला बसची, पडेल कुठेतरी, आणि तुमच्याच दवाखान्यावर येईल ते. तिच्या भल्यासाठी सांगतोय. आजची रात्र घरी राहू दे. मी बोलतो तिच्याशी. आज खरंच बोलतो. एक संध्याकाळ फक्त. तुम्ही एवढं सांगितलंत तर काय बिघडणार आहे तुमचं? नुसतं म्हणायचं, स्क्रू मिळत नाही.

— काय?

डोळ्यावर आहे? दुसरा? म्हणजे आत्ता ती चष्मा लावूनच बसलीय? — हो का. दुसरा कुठे करून घेतला? — नाही, तुम्हाला कसं माहीत असणार. दुसऱ्या कुणाकडून. दुसऱ्या कुणाच्या हातचा. बरोबर आहे. मग हा कशाला पाठवला? दुरुस्तीची गरजच नव्हती, स्क्रू तिनंच काढला, घरातल्या त्या बारीक पेचकसानं, माझ्याच. मग कशाला?

आणि मी आत्ता तुमच्यासमोर काय बोललो. ऐकलंत ना तुम्ही? सगळं सांगून, डोळ्यात पाणी आणून, लाज वाटते म्हणून, शेवटी परत तेच. स्क्रू मिळत नाही. तिची वाट अडवायला मला अजून काहीतरी सापडतंच. पाच मिनिटं नाही टिकली माझी लाज. सांगू नका तिला हे. म्हणजे — सांगा हवं तर. तिला नवीन काय आहे त्यात.

मी जाऊ का पलीकडे? रस्ताच ओलांडायचाय. या खिडकीतून तुमची पाटी दिसते. सोळा पावलंही नसतील. — मी काय बोलतोय, मी अजून जागेवरून उठलोसुद्धा नाही. ती बघेल हो माझ्याकडे. तेच होणार नाही माझ्यानं. इतके दिवस ती बघतच होती, पण तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत असताना तिच्यासमोर उभं राहायचं म्हणजे... नाही. नाही जमणार.

हे घ्या. लावली काडी. बघा, दोन फेरे आणि झालं, स्क्रू अगदी उत्तम आहे. न्या. दुसरा असला तरी हा जवळ असू दे म्हणावं, काच चांगली आहे याची, ओरखडा पडत नाही. — निरोप? कसला निरोप? तुम्ही आल्यापासून त्याबद्दल काही बोलला नाहीत. — मी बोलू दिलं नाही. हो, तेही खरं आहे. सांगा ना मग.

परत सांगा.

'नंबर बरोबर आहे का, तेवढं त्यांना बघायला सांगा. आणि काय म्हणतात ते मला येऊन सांगा.'

एवढंच म्हणाली? आणखी काही नाही? रागानं म्हणाली का? — साधंच. बसलीय तिथे, या उत्तरासाठी. बस असून बसलीय. म्हणजे शेवटपर्यंत तिला माझ्या तोंडूनच हवंय. आणि मी समोर नसेन तरी चालेल, एवढी सवलत दिलीय. मला ओळखते ती. मी काहीही सांगू शकतो, नाही का? नंबर थोडा जास्त आहे म्हणावं, डोळ्यांवर ताण येईल, परत तपासून घ्या म्हणावं. येईलसुद्धा तोंडात, बघा, आलंच.

नंबर बरोबर आहे.

सांगा तिला. पूर्वीपासून हाच आहे. डोळ्यांना कधीच काही झालेलं नव्हतं. असंच सांगा, माझ्याच शब्दांत, आणि पुढे माफीबिफी काही जोडू नका, ते मी म्हणालेलो नाही. — नाही, पैसे नकोत. — तो फडक्यावरचा? तो राहू द्या, त्याच्याकडे बघू नका. तुम्ही निघा आता, ताई. वेळ आहे म्हणून माणूस बसून राहतो आणि बस निघून जाते. जा. दार ओढून घ्या जाताना. — नाही, सगळं नका लोटू, राहू द्या थोडं उघडं. नको, लावाच. लावा.